सामारितोचं ओळखपत्र

माझी बायको ओळखपत्राचा फोटो काढायला दुसऱ्या गावाला जाणार आहे, हे तिने मला स्वतः सांगितलं असतं तर मी एक वेळ गिळलं असतं. मला ते कळलं बेकरीच्या रांगेत. माझ्यापुढच्या दोन बायका बोलत होत्या. त्यांनी मागे वळून मला पाहिलं आणि त्या एकदम पावाच्या भावावर घसरल्या.

आता हे वाचणाऱ्याला वाटेल, जाईना का बिचारी, त्यात एवढं काय? सांगतो. सांता रुफिनाच्या नागरी नोंदणी कचेरीत गेली एकोणीस वर्षं ओळखपत्रांचे फोटो मी काढतो. मी, विनिसियो तापिया. गावात वयात आलेला एकही माणूस असा नाही की ज्याच्या खिशात माझं एक काम नाही. दुसऱ्या कुठल्या कलावंताच्या नशिबी हे आलंय? पण त्याबद्दल कौतुकाचा एक शब्द म्हणाल तर नाही. मान वर, कान दिसले पाहिजेत, दात दिसता कामा नयेत, दोन्ही बाजूंनी दिवे. हे नियम काय मी केले? तरी लोक राजधानीला काही बोलत नाहीत, मला बोलतात. आणि आता खुद्द माझी बायको बसमध्ये बसून सान लिबोरियोला जाणार, तिथल्या कचेरीत फोटो काढणाऱ्या त्या कास्कोसमोर खुर्चीत बसणार, आणि सगळं गाव खिडकीतून बघणार. माझं नाक कापायला याहून सोपा उपाय नव्हता.

घरी गेलो तर हर्मानिया मका निवडत होती.

"तू सान लिबोरियोला जाणार म्हणे?"

"हो. महिनाअखेरच्या शुक्रवारी. कार्डाचा शेवटचा दिवस आहे. सकाळी सातची बस."

"आणि मी?"

"तू कशाला? तुझं कार्ड चालतंय की अजून."

मी खुर्चीत बसलो. अशा प्रसंगी उभं राहून बोललं की आवाज चढतो.

"हर्मानिया, या गावात फोटो काढणारा मी आहे."

"म्हणूनच जातेय," ती म्हणाली. "दहा वर्षं तो फोटो घेऊन बँकेत गेले रे मी. दर वेळी तो खिडकीवरचा माणूस आधी फोटोकडे बघणार, मग माझ्याकडे बघणार, आणि मग हळूच विचारणार, 'आता बरं वाटतंय ना?' अजून दहा वर्षं मला ते ऐकायचं नाही."

मी म्हटलं, दोष नियमांचा आहे. मला मोकळीक दिली तर मी काय वाटेल ते काढून दाखवीन. तेवढ्यात खिडकीबाहेर टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटलीवर एक सामारितो येऊन भिरभिरायला लागला. बोटाच्या दोन पेरांएवढा हमिंगबर्ड पक्षी. आमच्याकडचे घोडेस्वार पायांत मेंढीच्या कातड्याची केसाळ विजार घालतात, तसे याच्या दोन्ही पायांत पांढरे लोकरी गोळे असतात, म्हणून हे नाव. मागे दोन लांब काड्या आणि त्यांच्या टोकाला दोन चकत्या, असं शेपूट. त्याला बघायला लोक समुद्र ओलांडून येतात.

हर्मानियाने त्याच्याकडे बोट केलं. "हा काढ. याला काही तुझे नियम नाहीत. तुरुंगात चालल्यासारखा न दिसणारा एक सामारितो मला काढून दाखव, मी निमूट तुझ्या खुर्चीत येऊन बसेन. नाही जमलं तर सातची बस."

"कबूल," मी म्हटलं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या भानगडी याच एका शब्दाने सुरू झाल्या आहेत. लग्नसुद्धा.

हातात तीन आठवडे होते. मुलगी शिकायला कितोला गेली तेव्हा तिचा चांगला कॅमेरा कपाटात राहिला होता, तो काढला. पहिल्या चार दिवसांत मी चारशेच्या वर फोटो काढले. त्यातल्या बहुतेकांत बाटली फार सुरेख आली होती. काहींत बाटलीशेजारी एक करडा धूर होता, तो सामारितो. एका फोटोत शेपटाची एक चकती स्पष्ट आली होती, ती मी दोन दिवस लोकांना दाखवत होतो.

लोकांना दाखवलं की लोक सल्ले देतात. कोणी म्हणालं, हिरवा सदरा घाला. कोणी म्हणालं, श्वास रोखून धरा. मी रोखला आणि गुलाबाच्या झुडपात पडलो. समोर गालोचं कॉफीचं दुकान आहे. गालो आमच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो. त्याच्या ओसरीवर अकरा बाटल्या टांगलेल्या असतात. पर्यटक कॉफी पितात, पक्षी साखरपाणी पितात, आणि दोघांत साखर जास्त कोणाला लागते हे अजून ठरायचं आहे. गालोने त्याच्या ओसरीवरून मला हाक मारली.

"कोंपाद्रे, त्या पक्ष्याला सांग ना, मान वर कर म्हणून!"

ओसरीवरचे सगळे हसले. ज्यांना आमची भाषा येत नव्हती ते पर्यटकही हसले, हे मला जास्त लागलं.

त्यांच्यातच एक उंच डच माणूस होता. तो मात्र हसला नाही. त्याने माझे फोटो पाहिले आणि मोडक्यातोडक्या बोलीत मला समजावलं की हा पक्षी डोळ्याचं पातं लवेस्तोवर दहा-पंधरा वेळा पंख मारतो, त्याला पकडायचं तर फ्लॅश हवेत, एक नाही, पाच-सहा. प्रत्येकाची ताकद अगदी कमी ठेवायची. ताकद कमी तेवढा झगमगाट क्षणभराचा, आणि झगमगाट जेवढा आखूड तेवढा पंख जागच्या जागी थिजतो. मला हे लगेच पटलं. माणसांना थिजवण्यात माझी हयात गेली होती.

गावात लग्नांचे फोटो काढणारे म्हातारे आर्तेमियो आता काम करत नाहीत. त्यांच्याकडून मी सहा जुने फ्लॅश उसने आणले. त्यांना तार नव्हती. प्रत्येकाला पुढे एक डोळा होता. कुठेही झगमगाट झाला की तो डोळा बघतो आणि आपणही उडतो. ही सोय आहे असं आर्तेमियो म्हणाले. मी परसात काठ्या रोवून सहाही बांधले, मध्ये एक जास्वंद ठेवली, डच माणसाने सांगितल्याप्रमाणे सुईने तिच्या पोटात साखरपाणी सोडलं, आणि वाट बघत बसलो.

समोर गालोच्या ओसरीवर एका बाईने आपल्या नवऱ्याचा फोटो काढला. तिचा फ्लॅश उडाला आणि माझे सहाही उडाले. नवऱ्याने कॉफी सांडली. मग त्यांनी ते सहज म्हणून पुन्हा करून पाहिलं. तासाभरात ओसरीवरच्या लोकांचा तो खेळच झाला. दुपारी आमच्याकडे रोजच्यासारखा पाऊस आला, वीज चमकली, आणि प्रत्येक विजेला माझ्या परसातून सहा उत्तरं जायला लागली. संध्याकाळी वस्ती समितीचं पत्र आलं: "आपल्या परसात विनापरवाना वीज चमकत असल्याचे निदर्शनास आले आहे."

पत्राखाली सही लिसेन्सियादा पिएदाद यांची. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि समितीच्या अध्यक्षा. पदवीचा मान लावून लिसेन्सियादा म्हटल्याशिवाय त्या वळून बघत नाहीत. मला त्यांच्याकडे जायचंच होतं, कारण एवढं करूनही माझ्या जास्वंदीकडे एकही पक्षी फिरकला नव्हता. डच माणसाने त्याचंही कारण सांगितलं होतं: गल्लीत दीडशे बाटल्या असताना तुझ्या एका फुलाकडे कोण येईल? फोटो काढायची पद्धत अशी की आधी आसपासच्या सगळ्या बाटल्या उतरवायच्या, एकच फूल ठेवायचं. लॉजच्या बागेत हे सोपं असतं. आमच्या गल्लीत तेवीस घरं आहेत.

"रविवारी सकाळी एक तास, साडेसहा ते साडेसात," मी लिसेन्सियादांना म्हटलं. "सगळ्यांनी फक्त बाटल्या आत घ्यायच्या."

"तोंडी नाही चालणार, विनिसियो. अर्ज करा. तेवीस घरांच्या सह्या. प्रत्येक सहीला ओळखपत्राची रंगीत झेरॉक्स, आणि मतदान केल्याची चिठ्ठी."

"लिसेन्सियादा, पक्षी आहेत हो ते. निवडणूक नाही."

"तुम्हीच कचेरीत बसून आम्हाला झेरॉक्स आणायला परत पाठवता की नाही?"

मी घरोघर फिरलो, सह्या घेतल्या, झेरॉक्सा गोळा केल्या, तारखेनुसार लावल्या, पंच करून दोऱ्याने बांधल्या. कागद नीट लावणं माझ्या रक्तात आहे. आपण काय बांधतोय याचा विचार मात्र माझ्या मनाला शिवला नाही. एकोणीस वर्षं मी प्रत्येकाचा फोटो त्याच्या एकट्याच्या हातात देत आलो होतो. आता मी तेवीस फोटो एका गठ्ठ्यात बांधून भर सभेत टेबलावर ठेवले.

सभेत गठ्ठा फिरायला लागला. पहिल्यांदा कोणीतरी फिसकन हसलं. मग पलीकडे कोणीतरी म्हणालं, "अरे, हा तूच का?" प्रत्येक जण इतकी वर्षं समजत होता की फक्त आपलाच फोटो असा आला, आपलाच चेहरा तसा आहे, दोष कोणाला द्यायचा. आता पानं उलटताना सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की चेहऱ्यांत काही वाईट नव्हतं.

"यात मी गुरुवारी वारले आहे," लिसेन्सियादा पिएदाद आपल्या पानाकडे बघत म्हणाल्या, "आणि फोटो शनिवारी काढलाय."

"मी कोंबड्या चोरल्यात," गालो म्हणाला. "बघा ना. पकडल्यावर काढलेला फोटो आहे हा."

मी उठून नियम समजावून सांगितले. कान, दात, दोन दिवे. कोणी ऐकेना. शेवटी हर्मानिया मागच्या बाकावरून उठली. मला वाटलं, आता हीसुद्धा.

"द्या त्याला एक तास," ती म्हणाली. "तुम्ही फोटो खिशात ठेवता. मी फोटो काढणारा घरात ठेवलाय."

ठराव मंजूर झाला. बदल्यात गल्लीच्या बाटल्यांत आठवडाभर साखरपाणी मी भरायचं, असं टिपणात आलं. लिसेन्सियादांनी शिक्का मारला. हर्मानियाने माझी बाजू घेतली की नाही, हे मला अजून सांगता येत नाही.

रविवारी साडेसहाला बाटल्या उतरल्या. माझी कल्पना अशी होती की लोक बाटल्या उतरवून पुन्हा झोपतील. पण ज्याची ओसरी रिकामी झाली तो करणार काय? तो खुर्ची घेऊन माझ्या परसात आला. गालोने गिऱ्हाइकं तर आणलीच, वर मक्याच्या गरम खिरीचं, मोरोचोचं, पातेलं आणि करंजीसारख्या एम्पानादांची टोपली आणून धंदाही माझ्या दारात थाटला. फोटोसाठी मागे एक साधा पडदा लागतो, तो मी आदल्या दिवशी कचेरीतून आणून लावला होता. पांढराशुभ्र, इस्त्रीचा.

मग पक्षी आले. दीडशे बाटल्यांवर जगणारे पक्षी एका जास्वंदीवर आले. मोजायला कोणाला सवड नव्हती. ते एकमेकांना टोचत होते, खुर्च्यांखालून जात होते, एक जण लिसेन्सियादांच्या कानातल्या लाल खड्यात चोच घालून बघत होता आणि त्या मान न हलवता ओरडत होत्या, "टिपणात घ्या! टिपणात घ्या!" गालोने फुटबॉल संघाचा लाल सदरा घातला होता, त्याला त्यांनी झाड समजून पूर्ण तपासलं. पर्यटकांचे फ्लॅश उडत होते, त्यांच्याबरोबर माझे सहाही उडत होते, आणि माझ्या कॅमेऱ्याचं बटण मी दाबेपर्यंत ते दमून लाल दिवा दाखवत होते. साडेसातला पाच मिनिटं उरली. तेव्हा एक सामारितो सगळ्यांना हाकलून फुलासमोर आला आणि हवेत थांबला. त्याच्या मागे पांढरा पडदा. त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"मान वर," माझ्या तोंडून निघून गेलं. बटण दाबलं. सहाही उडाले.

फोटो काचेसारखा स्वच्छ आला. पंखाचं पीस न् पीस दिसत होतं. मी आनंदाने ओरडलो, सगळे गोळा झाले, कॅमेरा या हातातून त्या हातात गेला. हळूहळू आवाज कमी होत गेला. पांढरा पडदा. चेहरा अगदी समोरून. डोळे वटारलेले, चोच मिटलेली, दोन्ही बाजूंनी दिवे, कुठेही सावली नाही.

गालोने फोटो बराच वेळ पाहिला. "कोंपाद्रे," तो हळूच म्हणाला, "याने पण कोंबड्या चोरल्यात."

एम्पानादा खाता खाता हसणं धोक्याचं असतं. दोघांना पाठीत थापा माराव्या लागल्या. मी ते सगळं सहन केलं असतं. पण हर्मानिया हसली नाही. तिने कॅमेरा माझ्या हातात परत दिला, माझ्या खांद्यावर अडकलेलं एक पीस काढलं, आणि म्हणाली, "शुक्रवारी डबा झाकून ठेवते तुझा." तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. दहा वर्षं तिने तो चेहरा पर्समध्ये वागवला आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

फ्लॅश परत केले. गल्लीत साखरपाणी भरत फिरलो. बुधवारी सकाळी कचेरीत जायच्या आधी परसाच्या पायरीवर कॅमेरा मांडीवर घेऊन उगीच बसलो होतो. हर्मानिया कपडे वाळत घालत होती. दोरीच्या टोकाला, तारेच्या गाठीवर, एक सामारितो येऊन बसला. मी उठायला लागलो.

"बस खाली," ती न वळता म्हणाली. "हा रोज येतो. पावणेआठला ऊन टाकी आणि पेरूच्या मधून उतरतं, तेव्हा इथे बसतो. दहा मिनिटं. मग जातो."

"रोज? आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस का? तू सगळ्या गल्लीची ओळखपत्रं गोळा करत होतास."

मी कॅमेरा उचलला. तिने ओला टॉवेल झटकला. "थांब रे. आत्ता काळा दिसतोय तो. वळू दे त्याला."

आम्ही थांबलो. ती कपडे वाळत घालत राहिली, मी बसून राहिलो, कचेरीला उशीर झाला तो झाला. पक्षी अंग फुगवून बसला, त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग ऊन त्याच्या पायांवर आलं, त्याने मान वळवली, आणि तो काळा गळा एकदम हिरवा पेटला. त्याने एक पाय वर घेतला आणि तो त्या पांढऱ्या लोकरी गोळ्याने मजेत मान खाजवायला लागला. मी त्याला काहीही न सांगता बटण दाबलं.

पंख थोडा हलला होता. मागे कपड्यांचा निळा डाग होता. हर्मानियाने हात एप्रनला पुसून कॅमेरा घेतला आणि इतका वेळ बघत राहिली की मला घाम फुटला.

"हा कुठे तुरुंगात चाललाय," ती म्हणाली. "हा तर आंघोळ करून आलाय." आणि आत जाता जाता म्हणाली, "किती वाजता येऊ शुक्रवारी?"

शुक्रवारी सातची बस तिच्याशिवाय गेली. कचेरीत रांग दारापर्यंत होती. त्यात निम्म्यांना काही काम नव्हतं. गालो होता, लिसेन्सियादा होत्या. मी दोन्ही दिवे बंद केले. खिडकी उघडली, खुर्ची उचलून उजेडात नेली.

"लग्नाचा फोटो आहे का हो?" रांगेतून कोणीतरी ओरडलं.

मी वाट बघत बसलो. हर्मानिया आधी सगळे बसतात तशी ताठ बसली. मग कंटाळली. "मी मका भिजत घातलाय, विनिसियो," ती म्हणाली. बाहेर डोंगरावरचं धुकं सरायला लागलं, तिने सहज तिकडे पाहिलं, तिला काहीतरी आठवलं असावं, आणि तिचा चेहरा सैल झाला. मी बटण दाबलं. यंत्राच्या पडद्यावर ती आली. बावीस वर्षांपूर्वी मी जिच्या घरासमोर सायकल घेऊन उगीच पडलो होतो, ती तीच होती.

फोटो नियमांत बसतो की नाही ते यंत्रच ठरवतं, त्याने लाल फुली मारली. चेहरा सरळ नाही, एका बाजूला सावली, दात दिसतात. मी पुन्हा काढला. तोही सुंदर होता. लाल फुली. खाली अक्षरं आली: तिसऱ्यांदा चूक झाल्यास अर्ज सात दिवस बंद. आणि तिचं कार्ड त्याच दिवशी संपत होतं.

मी तिच्याकडे बघितलं. तिने पडद्यावरची फुली वाचली. उठून तिने स्वतःच खुर्ची पुन्हा पांढऱ्या पडद्यासमोर नेली. मी दोन्ही दिवे लावले.

"मान वर," मी म्हटलं. "कान दिसू दे. हसू नकोस."

यंत्राने क्षणात हिरवी खूण केली. कार्ड बाहेर आलं, गरम गरम. त्यावरच्या बाईने नवऱ्याला विष दिलं होतं आणि तिला त्याचा पस्तावा नव्हता. मी ते कार्ड पालथं करून तिच्या हातात दिलं. सगळी रांग टाचा वर करून बघत होती. गालोने तर टोपी काढली.

हर्मानियाने कार्ड उलटं केलं. पाहिलं. मग हात लांब धरून पाहिलं.

"छान आलाय," ती म्हणाली, दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "अगदी माझ्यासारखा आलाय."

लिसेन्सियादांनी मान पुढे काढून कार्ड पाहिलं, हर्मानियाकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. "हो," त्या म्हणाल्या, "छानच आहे." रांगेत कुजबूज झाली, कोणीतरी म्हणालं की दिव्यांचा कोन बदललाय वाटतं, आणि दोघी-तिघींनी आपलं कार्ड कधी संपतं ते काढून बघितलं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकत्र बाहेर पडलो. तिने माझ्या हातात हात घातला. बेकरीवरून गेलो, बसथांब्यावरून गेलो, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला तिने मान हलवून हसून नमस्कार केला. ते हसू तसंच ठेवून, ओठ न हलवता, ती मला म्हणाली, "घरी चल तू. मग सांगते तुला."